आधी अंधार, मग चित्र

जत्रेतला तंबूतला सिनेमा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मीही लहानपणी पाहिला आहे. दिवस मावळायच्या आधीच आम्ही मुले तंबूत जाऊन बसत असू. पडदा ताणलेला असे, यंत्र मांडलेले असे, बाहेर जनरेटर धडधडत असे. पण खेळ काही सुरू होत नसे. कुणीतरी अधीर होऊन ओरडायचे, "अहो, चालू करा की!" त्यावर दारावरचा माणूस आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचा, "आधी अंधार तर पडू दे!" त्या वेळी आम्हाला त्याचा राग यायचा. आज वाटते, प्रोजेक्टरच्या विद्येतले पहिले सूत्र त्याने चार शब्दांत सांगून टाकले होते. मी आज जे सांगणार आहे, तो बहुतेक त्याच सूत्राचा विस्तार आहे.

तंबू आता थोडे राहिले. पण त्यांतले यंत्र मात्र लहान होऊन, डिजिटल होऊन आपल्या घरात आणि शाळेत आले आहे. पाटीएवढ्या लांबी-रुंदीचे, तीन-एक किलो वजनाचे हे खोके भिंतीवर सात-आठ फूट रुंदीचे चित्र सहज पाडते. कुणी ते घरी सिनेमा पाहण्यासाठी आणतो, कुणी शाळेसाठी. आणि श्रोतेहो, दुःखाची गोष्ट अशी, की त्यांतले कितीतरी प्रोजेक्टर सहा महिन्यांच्या आत कपाटात जाऊन बसतात.

मी यंत्रविद्येचा माणूस नव्हे. आमच्या महाविद्यालयातला प्रोजेक्टर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आणि चुका करतकरत मी त्यातले थोडेफार शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका खेडेगावात शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाण्याचा योग आला. कार्यक्रम आटोपल्यावर चहा घेताना मुख्याध्यापकांनी कपाट उघडून एक खोके दाखवले. म्हणाले, "सर, हा आमचा प्रोजेक्टर. गावानं वर्गणी काढून घेतला. चार महिने लावला, आता काढून ठेवलाय."

मी विचारले, "बिघडला काय?"

"बिघडला म्हणायचं, की पहिल्यापासूनच तसा होता म्हणायचं, काही कळत नाही. चित्र येतं, पण भुरकट येतं. मागच्या पोरांना अक्षर लागत नाही. लोक म्हणतात, गुरुजींना दुकानदारानं फसवलं. काही जण तर याहून वाईट बोलतात."

शेवटचे वाक्य ते आवाज खाली करून बोलले. ज्या माणसाने घरोघर फिरून शंभर-दोनशे रुपये गोळा केले, त्याच्या दृष्टीने ते नुसते बिघडलेले यंत्र नव्हते. उद्या शाळेचे छप्पर गळू लागले, तर पुन्हा कोणत्या तोंडाने वर्गणी मागायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

आम्ही तो प्रोजेक्टर काढून पूर्वीच्याच जागी लावून पाहिला. यंत्रात कणभरही दोष नव्हता. दोष होता तो मांडणीत. तो कोणता, हे समजण्यासाठी आधी हे यंत्र करते काय, ते थोडक्यात पाहू.

भिंतीवर प्रकाशाने चित्र पाडण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत काचेवरची रंगीत चित्रे दिव्याच्या झोताने पडद्यावर दाखवणारा खेळ उभा केला. त्याला नाव दिले होते 'शांबरिक खरोलिका'. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे लोकांनी पाहिली, आणि १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. या सर्वांत रीत एकच होती. मागे दिवा, मध्ये काच किंवा फिल्म, पुढे भिंग. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये दिवा आहे, भिंगही आहे. बदलली आहे ती मधली फिल्म.

तिची जागा दोन प्रकारांनी भरली जाते. एका प्रकारात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी काचेच्या तीन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्यांवरचा प्रत्येक ठिपका विजेच्या इशाऱ्याने कमी-अधिक उजेड जाऊ देतो, आणि पुढे लोलकात तिन्ही चित्रे एक होतात. याला एलसीडी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात नखाएवढ्या चकतीवर लाखो सूक्ष्म आरसे बसवलेले असतात, आणि ते सेकंदाला हजारो वेळा कलतात. आरसा एका बाजूला कलला की उजेड भिंगातून बाहेर पडतो, दुसऱ्या बाजूला कलला की आतच अडतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चकती शोधून काढली. याला डीएलपी म्हणतात. याच्या साध्या यंत्रांत लाल, हिरवे, निळे चित्र एकापाठोपाठ एक इतक्या झपाट्याने येते की डोळा त्यांची आपणच बेरीज करतो. शिक्षक बंधुभगिनींना न्यूटनची तबकडी आठवेल. वर्गात फिरवून पांढरी करून दाखवतो, तीच गोष्ट.

आता मुद्द्याची गोष्ट. या दोन्ही प्रकारांत यंत्र करते ते एकच. भिंतीवर कुठे उजेड टाकते, कुठे टाकत नाही. पांढरा रंग म्हणजे भरपूर उजेड. मग काळा रंग म्हणजे काय? काळा रंग म्हणजे तिथे यंत्राने उजेड टाकलाच नाही. जगातला कोणताही प्रोजेक्टर भिंतीवर काळोख फेकू शकत नाही. चित्रातले माणसाचे केस, काळी अक्षरे, रात्रीचे आभाळ, हे सगळे काळे दिसते ते तिथल्या भिंतीवर अंधार असतो म्हणून. भिंतीवर खिडकीचा उजेड पडला असेल, तर तुमचा काळा रंग त्या उजळलेल्या भिंतीपेक्षा तसूभरही अधिक काळा होणार नाही. तो राखाडी दिसेल, भुरकट दिसेल. आमच्या मुख्याध्यापकांची तक्रार हीच होती. थोडक्यात, अर्धे चित्र यंत्राने द्यायचे असते आणि अर्धे आपण, अंधाराच्या रूपाने.

पण म्हणून सगळी खोली काळीकुट्ट करायला हवी असे मात्र नाही. इथे पुष्कळांची चूक होते. उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या लावून चाळीस मुले कोंडली तर शिकणे बाजूलाच राहील. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की खोलीत उजेड किती आहे याला महत्त्व नाही, पडद्याच्या भिंतीवर किती पडतो याला आहे. तेव्हा पडद्यासाठी अशी भिंत निवडावी की जिच्या समोर खिडकी किंवा दार नाही. पडद्याजवळच्या एक-दोन खिडक्यांना जाड काळे कापड किंवा दुहेरी गोणपाट लावावे. पाठीमागच्या खिडक्या थोड्या उघड्या राहिल्या तरी चालते. पडद्यावरची ट्यूबलाईट विझवावी, मागची राहू द्यावी, म्हणजे मुलांना वहीत लिहिता येते. यासाठी दोन ट्यूबलाईटना दोन वेगळी बटणे हवीत. वायरमनला हे आधीच सांगितले तर खर्च फारसा वाढत नाही.

त्या शाळेत पडदा होता खिडक्यांच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. ही झाली पहिली चूक.

दुसरी चूक चित्राच्या आकाराची. प्रोजेक्टर लावणाऱ्याने यंत्र मागच्या भिंतीजवळ, पडद्यापासून वीस फुटांवर टांगले होते. चित्र पडत होते बारा फूट रुंद. गावाला मोठे कौतुक वाटले, केवढे मोठे चित्र! पण श्रोतेहो, यंत्राजवळ उजेडाचे भांडवल ठरलेले असते. शेर-भर तेल एका पोळीला लावले काय आणि दहा पोळ्यांना लावले काय, तेल शेरभरच. चित्राची रुंदी दुप्पट केली की उंचीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते, आणि उजेड एक चतुर्थांश होतो.

हिशेबच मांडू. उजेडाचे भांडवल लुमेनमध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन उजेड पडला तर त्याला एक लक्स म्हणतात. त्या शाळेचे यंत्र तीन हजार लुमेनचे होते. बारा फूट रुंदीच्या चित्राचे क्षेत्रफळ होते सुमारे साडेसात चौरस मीटर. म्हणजे भिंतीवर पडत होता चारशे लक्स. खिडकीसमोरच्या भिंतीवर दिवसा दोन-तीनशे लक्स तर खिडकीचाच उजेड सहज पडतो. मग चित्र धुतल्यासारखे दिसेल नाही तर काय? तेच चित्र सव्वासात फूट रुंद केले, तर क्षेत्रफळ होते पावणेतीन चौरस मीटर आणि उजेड होतो जवळजवळ अकराशे लक्स. यंत्र तेच, वीज तेवढीच, उजेड पावणेतीनपट.

आता कुणी म्हणेल, चित्र लहान केले तर मागच्या बाकावर दिसणार कसे? मुख्याध्यापकांनीही हेच विचारले. त्याला एक सोपा ठोकताळा आहे. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल, तर शेवटच्या बाकाचे अंतर चित्राच्या उंचीच्या सहा पटींहून जास्त नसावे. सव्वासात फूट रुंदीच्या चित्राची उंची चार फूट. चार सक चोवीस. त्यांचा वर्ग होता बावीस फूट लांब. म्हणजे लहान चित्र शेवटच्या बाकालाही पुरेसे होते. त्या मुलांना अक्षर लागत नव्हते ते अक्षर लहान होते म्हणून नव्हे, फिके होते म्हणून. अर्थात शिक्षकांनीही थोडे पथ्य पाळले पाहिजे. एका वेळी पडद्यावर सात-आठ ओळींहून अधिक मजकूर घालू नये. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान भिंतीवर टाकले तर ते कुणालाच वाचता येत नाही.

मग यंत्र नेमके किती अंतरावर ठेवायचे? कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत 'थ्रो रेशो' म्हणून एक आकडा दिलेला असतो. भिंगापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की तो आकडा येतो. पुष्कळ साध्या यंत्रांचा तो दीडच्या आसपास असतो. म्हणून आधी चित्राची रुंदी ठरवावी, तिला दीडने गुणावे, की अंतर निघाले. सव्वासात गुणिले दीड, म्हणजे सुमारे अकरा फूट. बाजारात शंभर इंची चित्र म्हणतात ते हेच. शंभर इंच ही त्याची एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी लांबी. खोली लहान असेल तर कमी अंतराची यंत्रेही मिळतात. त्यांचा आकडा अर्ध्याच्या आसपास असतो, म्हणजे चार फुटांवरून आठ फुटी चित्र पडते. त्यांचा शाळेत आणखी एक फायदा असा, की गुरुजी पडद्याशेजारी उभे राहिले तरी त्यांची सावली चित्रावर सहसा पडत नाही. तेव्हा विकत घेण्याआधी खोली टेपने मोजा. यंत्र घेऊन मग खोली मोजणे म्हणजे अंगरखा शिवून मग माप घेण्यासारखे आहे.

तिसरी चूक कलाची. यंत्र उंचावर टांगून त्याचे तोंड खाली वाकवले होते. झोत तिरपा पडला की चित्राचा चौकोन राहत नाही, वरची बाजू अरुंद आणि खालची रुंद असा पाटासारखा आकार होतो. मग लावणारा रिमोटवरचे 'कीस्टोन'चे बटण दाबून तो चौकोन सरळ करतो. दिसायला चौकोन सरळ होतो, पण यंत्र ते चित्रच आतल्या आत पिळून करते. काही ठिपके वाया जातात आणि अक्षरांची धार बोथट होते. ते बटण अडीअडचणीसाठी आहे. खरा इलाज गवंड्याच्या हत्यारांत आहे, पाणसळ आणि ओळंबा. यंत्र पाणसळीत सपाट, पडदा ओळंब्यात उभा, आणि भिंग पडद्याच्या बरोबर मध्यावर, ना डावीकडे ना उजवीकडे. उंचीचे म्हणाल, तर पुष्कळशी यंत्रे मुळातच झोत थोडा वर फेकतात. म्हणून टेबलावर ठेवताना भिंग साधारणपणे चित्राच्या खालच्या कडेच्या उंचीवर येते. छताला टांगताना यंत्र उलटे टांगतात, तेव्हा ते वरच्या कडेच्या उंचीवर येते. उलटे टांगल्यावर चित्रही उलटे पडते. घाबरू नये, मेनूत 'सीलिंग' अशी सोय असते, ती निवडली की चित्र सुलटे होते.

चौथी चूक आधाराची. यंत्राची दांडी सरळ छपराच्या पत्र्याला बोल्टने आवळली होती. वारा सुटला की पत्रा थरथरे आणि चित्रातली अक्षरे नाचू लागत. पत्रा उन्हाने तापे आणि त्याची धग थेट यंत्राला लागे. पत्र्याला काही टांगू नये. आधार घ्यावा तो कैचीच्या लोखंडी अँगलचा, किंवा कौलारू घर असेल तर तुळईचा. आणि खालपर्यंत लांब दांडी सोडून यंत्र पत्र्यापासून दूर ठेवावे. झोत आणि पडदा यांच्यामध्ये छताचा पंखा येत नाही ना, हेही पाहावे. पंख्याचे पाते झोतातून जाऊ लागले तर सबंध चित्र लुकलुकते. टांगण्याची सोय नसेल तर बाकांच्या मधोमध एक भक्कम टेबल हा काही कमी दर्जाचा इलाज नव्हे. फक्त वायर मुलांच्या पायात येणार नाही अशी बंदोबस्ताने टाकावी.

पडद्याविषयी दोन शब्द. चांगला पडदा मिळाला तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही. गुळगुळीत गिलावा केलेल्या भिंतीला पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले की काम भागते. ऑईलपेंट मात्र नको. तो चकाकतो आणि चित्राच्या मध्यभागी डोळ्यांवर तिरीप येते. मांजरपाट किंवा चादर लावायची तर सुरकुती राहू देऊ नये आणि मागे काळे कापड धरावे, कारण पातळ कापडातून निम्मा उजेड पलीकडे निघून जातो. चित्राच्या चारी बाजूंना चार बोटे रुंदीचा काळा पट्टा रंगवावा. खर्च काहीच नाही, पण चित्र एकदम उठून दिसते.

आता रोजच्या वापराकडे वळू. जोडणी साधी आहे. संगणकातून किंवा सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय नावाची केबल यंत्रात जाते. साधी केबल पंधरा-वीस फुटांपर्यंत भरवशाची असते. फार लांब केबल घेतली तर चित्र तुटते किंवा येतच नाही. मोबाईलचे चित्र दाखवायचे असेल तर एक सावधगिरी. सर्वच मोबाईल केबलवाटे चित्र बाहेर देत नाहीत, आधी खात्री करून मगच जोडणी विकत घ्यावी. चित्र आले की आधी एखादे मजकुराचे पान लावून भिंगाची कडी फिरवावी, आणि मधलीच नव्हे तर कोपऱ्यातलीही अक्षरे रेखीव होतात का ते पाहावे. माणसे आडवी फुगलेली किंवा उभी ताणलेली दिसत असतील तर मेनूतले चित्राचे प्रमाण चुकलेले आहे असे समजावे.

आवाजाचे म्हणाल, तर यंत्राच्या पोटातला कर्णा नावापुरता असतो. वेगळा स्पीकर घ्यावा आणि तो पडद्याखाली ठेवावा. बोलणारा माणूस समोर आणि आवाज पाठीमागून, यात मुलांचे लक्ष दुभंगते.

बंद करण्याची रीत मात्र काळजीपूर्वक ऐका. पुष्कळ यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो आणि तो भयंकर तापतो. रिमोटने यंत्र बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहतो, तो दिवा निववण्यासाठी. पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. वीज अचानक गेली तर हा पंखाही बंद पडतो. मग लगेच यंत्र चालू करण्याची घाई करू नये, पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावे. जिथे वीज वरचेवर जाते, व्होल्टेज कमी-जास्त होते, तिथे यंत्रामागे एखादा यूपीएस असलेला बरा. अर्थिंग तर हवेच हवे. हा दिवा काही हजार तास चालतो, पुढे मंदावतो आणि बदलावा लागतो. नव्या दिव्याची किंमत यंत्र घेतानाच विचारून ठेवावी. दिवा कधी फुटलाच तर मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात, कारण आत पारा असतो. एलईडी आणि लेसरच्या प्रकाशावर चालणारी यंत्रे आता मिळतात. त्यांचे आयुष्य वीस हजार तासांपर्यंत सांगतात आणि दिवा बदलावा लागत नाही, पण त्यांची किंमत पाहून निर्णय करावा. आणि यंत्र कोणतेही असो, चालू असताना भिंगात डोळा लावून पाहायचे नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे.

खेड्यात या यंत्राचा खरा शत्रू म्हणजे धूळ. यंत्राला श्वास घ्यायला जाळी असते. ती तुंबली की यंत्र तापते, आपोआप बंद पडते, आणि आपण म्हणतो बिघडले. ज्या यंत्राला काढता येणारी जाळी आहे, तिची महिन्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ झाडावी. भिंग धोतराच्या सोग्याने पुसू नये. चष्म्याचे मऊ फडके वापरावे. खडूची धूळ फार बारीक असते, तेव्हा फळा पुसताना यंत्रावर कापड टाकावे, पण चालू यंत्रावर कधीही नव्हे.

खरेदी करताना दोन शब्दांपासून सावध राहावे. स्वस्त खोक्यांवर आठ हजार, दहा हजार लुमेन असे आकडे छापलेले असतात. पुष्कळदा ते आतल्या दिव्याचे असतात, पडद्यावर पोचणाऱ्या उजेडाचे नसतात. विचारावे ते एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन किती. दुसरा शब्द 'सपोर्ट्स'. 'फोर-के सपोर्ट्स' याचा अर्थ यंत्र ते चित्र स्वीकारते इतकाच. दाखवते ते स्वतःजवळ जेवढे ठिपके आहेत तेवढ्यांतच. तेव्हा यंत्राचे स्वतःचे, म्हणजे 'नेटिव्ह' ठिपके किती, ते विचारावे. १९२० गुणिले १०८० असतील तर घराला आणि शाळेला भरपूर झाले.

घरी सिनेमा पाहणाऱ्याचे काम यापेक्षा सोपे आहे, कारण त्याला रात्र फुकट मिळते. त्याला तीन हजार लुमेनचीही गरज नाही. त्याने मेनूतली 'सिनेमा' ही सोय निवडावी. तिच्यात उजेड थोडा कमी होतो, पण माणसांचे रंग माणसांसारखे दिसतात. 'डायनॅमिक' म्हणून असते तिच्यात उजेड खूप, पण बहुधा चेहऱ्यांवर हिरवट झाक येते. ती दिवसाच्या वर्गासाठी ठेवावी. यंत्र अगदी डोक्याशी ठेवू नये, पंख्याची घरघर कानाला लागते.

आता त्या शाळेचे काय झाले ते सांगतो. त्याच संध्याकाळी आम्ही यंत्र पत्र्यावरून उतरवले. पडद्याची भिंत बदलली, अकरा फुटांवर टेबल मांडले, आणि दिवेलागणीनंतर गावातल्या चार माणसांना बोलावून चित्र लावले. अंधारात ते छानच दिसले. पण मुख्याध्यापक म्हणाले, "सर, शाळा काही रात्री भरत नाही." बोलणे खरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खिडकीला दुहेरी गोणपाट लावून आठवीचा वर्ग बसवला. बी रुजण्याची फिल्म लावली. आठ दिवसांत होणारी गोष्ट अर्ध्या मिनिटात होत होती, मूळ खाली आणि कोंब वर. मुख्याध्यापकांनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला उभे केले आणि चित्राखालची ओळ वाचायला सांगितली. तिने ती वाचली. अडखळत वाचली, पण तो अडखळा वाचनाचा होता, दिसण्याचा नव्हता. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दाराशी उभ्या असलेल्या सरपंचांकडे एकदा पाहिले.

सगळेच साधले असे मात्र मी म्हणणार नाही. दुपारी एकनंतर पश्चिमेच्या दाराचा उजेड आत येई आणि चित्र पुन्हा फिके पडे. त्यावर त्यांनी यंत्रापेक्षा वेळापत्रक बदलले. प्रोजेक्टरचा तास सकाळी दुसरा ठेवला. पुढे पंधरा दिवसांनी बाजारच्या गावातून वेल्डिंगवाला आणून कैचीला दांडी बसवून घेतली. कोणता धडा पडद्यावर दाखवायचा, याचाही त्यांनी विचार केला. जे फळ्यावर होते ते फळ्यावरच करायचे. जे फळ्याला दाखवता येत नाही, म्हणजे जे हलते, जे फार सूक्ष्म आहे, किंवा जे फार दूर आहे, तेवढेच पडद्यावर आणायचे.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मला त्यांच्याकडून शिकायला मिळाली. मी निघताना ते म्हणाले, "हे सगळं आता मला कळलं. पण उद्या माझी बदली झाली, की हे खोकं परत कपाटात जाणार." म्हणून त्यांनी भिंतीवर एक पुठ्ठा टांगला. त्यावर पडद्यापासूनचे अंतर, कोणती खिडकी झाकायची, चालू करण्याची आणि बंद करण्याची रीत, जाळी झाडल्याच्या तारखा, असे सगळे मोठ्या अक्षरात लिहिले. शिवाय दर वर्षी सातवीतली दोन मुले आणि दोन मुली यांना यंत्र लावायला शिकवायचे असे ठरवले. गेल्या वर्षी त्यांची बदली झाली. यंत्र चालू आहे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या शाळेच्या किंवा घराच्या कपाटात असे एखादे खोके पडून असेल, तर त्याला बिघडलेले म्हणण्याआधी एकदा बाहेर काढा. एक टेप घ्या, एक पाणसळ घ्या, दोन गोणपाट घ्या. आणि तंबूच्या दारावरच्या त्या माणसाप्रमाणे, चित्र मागण्याआधी अंधाराची सोय करा.